अट घालून दिलेले दान

१८२२ साली मुंबईच्या दिवाणी तुरुंगात कितीतरी गरीब माणसे किरकोळ कर्जापायी डांबलेली होती. त्यांनी चोरी केली नव्हती की कुणाचे डोके फोडले नव्हते. देणे थकले एवढाच गुन्हा. सावकाराने फिर्याद करायची आणि कोर्टाने कर्जदाराला आत टाकायचे, अशी रीत होती. आत बसलेला माणूस कमावणार कधी आणि फेडणार कशाने, हा प्रश्न कायद्याला पडत नसे. त्या वर्षी एका पारशी व्यापाऱ्याने या गरिबांची देणी आपल्या पदरचे पैसे भरून चुकती केली आणि त्यांना सोडवून घरी पाठवले. जमशेटजी जीजीभाय यांच्या सार्वजनिक दानधर्माची कहाणी साधारणपणे या प्रसंगापासून सांगतात.

आपल्याकडे हातात पैसा आला की माणूस देऊळ बांधतो, विहीर खणतो, पारशी असेल तर अग्यारीला देणगी देतो. तुरुंगातल्या कर्जदारांकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. जमशेटजींचे गेले, आणि ते त्यांच्या धंद्याला धरूनच होते. ते ज्या दर्यापारच्या व्यापारावर मोठे झाले तो सगळा उधारीचा मामला होता. मुंबईत खरेदी केलेल्या मालाचे पैसे कँटनहून, कलकत्त्याहून किंवा लंडनहून हुंड्या फिरत फिरत हाती येईपर्यंत महिनेच्या महिने जात. तोवर व्यापाऱ्याला तगवायची ती त्याची पत. ती बुडाली की काय होते ते तुरुंगाच्या दारात उभे राहिले तरी कळत होते. पुढच्या सदतीस वर्षांत या माणसाने जे दिले त्याचा धागा मला इथेच सापडतो. दान करतानाही ते व्यापारीच राहिले. हिशेब मांडून द्यायचे, अट घालून द्यायचे आणि समोरच्यालाही व्यवहारात बांधून घ्यायचे, अशी त्यांची पद्धत होती.

त्यांचा जन्म १५ जुलै १७८३ चा. बालपण नवसारीत गेले. घरची स्थिती बेताची, शिक्षण जेमतेम. सोळाव्या वर्षाच्या आसपास आई आणि वडील दोघेही गेले आणि पोरका मुलगा मुंबईला मामाच्या आश्रयाला आला. मामा फ्रामजी नसरवानजी रिकाम्या बाटल्यांचा धंदा करीत, म्हणून बाटलीवाला. जमशेटजीही सुरुवातीची बरीच वर्षे याच नावाने ओळखले जात. रिकाम्या बाटल्या म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर भंगारवाला येतो, पण काच साहेबांच्या देशातून येत असे त्या काळात हा चांगला चालणारा धंदा होता. १८०३ मध्ये मामाच्या मुलीशी, आवाबाईशी, त्यांचे लग्न झाले. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडेही आहे, तेव्हा मराठी वाचकाला त्यात नवल वाटू नये. पोरक्या भाच्याला घर मिळाले आणि धंद्यात पाय रोवायला जागाही.

पण बाटल्यांत त्यांचे मन रमणारे नव्हते. लग्नाच्या आधीच ते एकदा चीनला जाऊन आले होते. मेरवानजी ताबक नावाच्या नातलग व्यापाऱ्याबरोबर, त्याचे हिशेब लिहिणारा कारकून म्हणून. त्यानंतर उसनवारीच्या भांडवलावर स्वतःचा माल घेऊन गेले. १८०७ पर्यंत अशा पाच फेऱ्या झाल्या. परदेशी व्यापाऱ्यांना चीनमध्ये फक्त कँटन बंदरात, तेही ठरावीक हंगामात, नदीकाठच्या वखारींच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात राहायची मुभा होती. बायकामुलांना तिथे बंदी, शहराच्या तटाआत पाऊल टाकायला बंदी, आणि व्यवहार करायचा तो सरकारने नेमून दिलेल्या चिनी व्यापाऱ्यांशीच. मुंबईहून कापूस जाई. चीनमधून चहा, रेशीम, साखर आणि मुख्य म्हणजे चांदी येई. या वखारींत पारशी व्यापाऱ्यांचा राबता मोठा होता. पांढरा जामा आणि डोक्यावर पगडी अशा या लोकांना चिनी लोक गोऱ्यांपासून चटकन वेगळे ओळखत.

१८०५ ची फेरी मात्र अंगाशी आली. इंग्लंड आणि फ्रान्सचे युद्ध चालू होते. जमशेटजी ज्या ‘ब्रन्सविक’ जहाजावर होते ते कापूस घेऊन चीनकडे निघाले असता जुलै महिन्यात सिंहलद्वीपाच्या किनाऱ्याजवळ फ्रेंच दर्यासारंग लिन्वा याच्या आरमाराने पकडले. माल गेला. कैदी झालेल्या प्रवाशांना आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला नेले. तिथे सप्टेंबरमध्ये ‘ब्रन्सविक’ किनाऱ्याला लागून फुटले. बावीस वर्षांचा, हातचे सगळे गमावलेला हा तरुण पुढे एका डॅनिश जहाजावर जागा मिळवून कलकत्त्याला आणि तिथून मुंबईला परतला. घरी आवाबाईला इतके दिवस काय वाटले असेल, ते कुणी लिहून ठेवलेले नाही.

त्याच जहाजावर एक स्कॉटिश डॉक्टर होता, विल्यम जार्डिन. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावरच्या डॉक्टरांना स्वतःचा थोडाफार माल नेण्याची सवलत असे, आणि जार्डिनला औषधांपेक्षा या सवलतीत अधिक रस होता. फ्रेंचांच्या कैदेत दोघांची ओळख झाली ती जन्माची. पुढे जार्डिनने डॉक्टरकी सोडली आणि १८३२ मध्ये कँटनला जेम्स मॅथेसनबरोबर ‘जार्डिन, मॅथेसन आणि कंपनी’ काढली. या पेढीचा हिंदुस्थानातला सर्वात मोठा आडत्या कोण, तर मुंबईचे जमशेटजी. समुद्रावर लुटले गेलेले दोन तरुण तीस वर्षांनी पूर्वेकडच्या व्यापाराच्या नाड्या हाती धरून बसले होते.

१८०७ नंतर जमशेटजी चीनला गेले नाहीत. युद्धाच्या काळात कापसाला तेजी आली, तिचा फायदा घेऊन त्यांनी भांडवल उभे केले. १८१४ मध्ये ‘गुड सक्सेस’ हे जहाज विकत घेतले आणि पुढे त्यात आणखी जहाजांची भर पडली. त्यांच्या भागीदारांची नावे पाहिली की मुंबईचा त्या वेळचा बाजार डोळ्यांसमोर उभा राहतो. मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान. गोव्याहून येऊन मुंबईत स्थायिक झालेले ख्रिस्ती व्यापारी रोजेरिओ द फारिया यांच्याशीही त्यांचे जवळचे व्यवहार होते. फारियांचे पोर्तुगिजांच्या दमणमध्ये वजन होते, आणि दमण का महत्त्वाचे होते ते पुढे येईलच. देवळे वेगळी, जेवणाच्या पंगती वेगळ्या, पण वहीवरचा शब्द सगळ्यांचा एकच मानला जाई. सर्वधर्मसमभावाची भाषणे करायची त्यांना गरज नव्हती. एकाचे जहाज बुडाले की चौघांचेही पैसे बुडत, एवढे कारण त्यांना पुरेसे होते.

जमशेटजींना इंग्रजी कामापुरतेच येत असे. तरी त्यांच्या पेढीतून जाणाऱ्या इंग्रजी पत्रांचा ओघ थक्क करणारा आहे. कारकून लिहीत, मजकूर शेटजी सांगत. त्या पत्रांचे खंड मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत, आणि जार्डिनच्या पेढीला गेलेली पत्रे केंब्रिजला जपली आहेत. अभ्यासकांना त्या काळच्या व्यापाराचा असा आतला हिशेब फार थोड्या हिंदी व्यापाऱ्यांबाबत मिळतो. भाव काय, विमा किती, कोणते जहाज केव्हा निघाले, कुणाची हुंडी सकारली गेली नाही, असाच सगळा विषय. आणि बहुतेक सगळ्या पत्रव्यवहाराच्या मुळाशी एक माल आहे, तो म्हणजे अफू.

इथे जरा थांबून सांगायला हवे, कारण मुंबईच्या दानशूरांवरचे आपले लेख या ठिकाणी घाईने पुढे सरकतात.

बंगाल-बिहारकडच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. शेतकऱ्याकडून घ्यायची, कारखान्यात भरायची आणि कलकत्त्याला लिलावात विकायची, सगळे कंपनीच्या हातात. पण माळव्यात, म्हणजे शिंदे आणि होळकरांच्या मुलखात, पिकणारी अफू कंपनीच्या कह्यात नव्हती. उज्जैन-इंदूरचे सावकार शेतकऱ्यांना आगाऊ रकमा देत, पीक उचलत आणि बैलांच्या, उंटांच्या तांड्यांवरून किनाऱ्याकडे पाठवत. पेशवाई बुडाल्यावर कंपनीने या मालावर ताबा मिळवण्याचा प्रयत्न केला. स्वतः खरेदीला उतरली, संस्थानिकांशी करार केले, नाकेबंदी केली. तांडे राजपुतान्याच्या वाळवंटातून वळसा घालून कराचीला आणि तिथून समुद्रमार्गे दमणला जाऊ लागले. दमण पोर्तुगिजांचे, तिथे कंपनीची सत्ता चालत नव्हती. दहा-बारा वर्षे झगडून १८३० च्या सुमारास कंपनीने हात टेकले आणि पास विकायला सुरुवात केली. पेटीमागे ठरलेली रक्कम भरा आणि माल उघडपणे मुंबईहून चीनला न्या. मुंबईच्या व्यापाऱ्यांना हेच हवे होते. शिंदे-होळकरांच्या रयतेच्या शेतातला चीक आता मुंबईच्या वखारीत येऊन जहाजावर चढू लागला.

चीनमध्ये अफूच्या विक्रीवर १७२९ पासून बंदी होती आणि एकोणिसावे शतक उजाडता उजाडता आयातीवरही बंदी आली होती. म्हणजे जमशेटजींनी चीनचे पहिले दर्शन घेतले तेव्हापासून हा माल तिकडे चोरटाच होता. मोठी जहाजे बंदरात अफू नेत नसत. नदीच्या मुखाशी लिनटिन बेटाजवळ नांगरलेल्या जहाजांवर ती उतरवली जाई आणि चिनी तस्करांच्या वल्हवत्या होड्या रोख चांदी मोजून तिथून ती नेत. कँटनमधल्या वखारीत बसलेला व्यापारी मात्र चहा-रेशमाची सभ्य बोलणी करीत असे. मुंबईत बसलेल्या माणसाला तर पेटी दिसायची ती पावतीवर.

१८३९ च्या मार्चमध्ये बादशहाचा खास अधिकारी लिन झेशू कँटनला आला. परदेशी व्यापाऱ्यांना त्याने वखारीत कोंडले आणि जवळची सगळी अफू मागितली. इंग्रजांचा प्रतिनिधी चार्ल्स एलियट याने सरकार भरपाई देईल असा शब्द देऊन २०,२८३ पेट्या हवाली केल्या. जून महिन्यात हुमेन इथे खड्डे खणून चुना आणि मीठ घालून ही अफू नष्ट करण्यात आली. त्या पेट्यांत मुंबईकरांच्या मालाचा वाटा मोठा होता. बातमी इकडे पोचली आणि बाजार हादरला. कितीतरी पेढ्या बसल्या. मोठ्या पेढ्या तरल्या त्याही एलियटच्या शब्दाच्या भरवशावर. मग भरपाईसाठी अर्ज-विनंत्यांची रांग लागली. पुढे पहिले अफूयुद्ध झाले, आणि १८४२ च्या ऑगस्टमध्ये नानकिंगच्या तहात नष्ट केलेल्या अफूपोटी साठ लाख डॉलर चीनकडून वसूल करण्यात आले. मुंबईच्या व्यापाऱ्यांना ही भरपाई उशिरा मिळाली आणि मालाच्या मोलाच्या मानाने ती तोकडी पडली.

त्याच १८४२ मध्ये व्हिक्टोरिया राणीने जमशेटजींना ‘सर’ केले. हा मान मिळवणारे ते पहिले हिंदी गृहस्थ.

आणि नानकिंगच्या तहाला पाच महिने पुरे होण्याआधी, ३ जानेवारी १८४३ ला, भायखळ्याला त्यांच्या नावाच्या इस्पितळाची पायाभरणी झाली. या दोन घटना शेजारी ठेवल्या की एखाद्याला हे दान म्हणजे प्रायश्चित्त वाटेल. मला तसे वाटत नाही. त्यांच्या पत्रांत भावाची काळजी आहे, भरपाईची काळजी आहे. आपण काही गैर करतो आहोत असे त्यांना वाटले असेल याची खूण नाही. हिंदुस्थानात अफू कायदेशीर होती. घरोघर ती औषध म्हणून असे, आणि तान्ह्या मुलांना निजवायला चाटवलीही जाई. कंपनी सरकार स्वतः ती पिकवून विकत होते. कँटनच्या गल्लीत चिलीम ओढून झिजणारा माणूस मुंबईच्या वहीत कुठेच नव्हता. तुरुंगातला कर्जदार दिसत होता, म्हणून त्याचे देणे फेडले गेले. हे सांगून मला त्यांचा बचाव करायचा नाही. न दिसणाऱ्या माणसाचे नुकसान न मोजता श्रीमंत होता येते, एवढे मात्र या आयुष्यावरून नक्की कळते, आणि ही गोष्ट त्या शतकापुरती नाही.

इस्पितळाकडे येऊ. १८३८ मध्ये गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या काळात जमशेटजींनी एक लाख रुपये देऊ केले, पण सरकारनेही तेवढेच घालावेत अशी अट घातली. कंपनी खर्चाच्या बाबतीत किती कंजूष आहे हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार? नुसते पैसे दिले असते तर इमारत उभी राहिली असती आणि पुढे डॉक्टरच्या पगाराला पैसे नाहीत म्हणून ओस पडली असती. सरकारला बरोबरीचा भागीदार करून घेतले की त्याला हात झटकता येत नाहीत. ग्रँट त्याच वर्षी वारले, प्रकरण लंडनच्या दफ्तरात रेंगाळले, पण अट टिकली. १८४५ च्या मे महिन्यात इस्पितळ सुरू झाले आणि शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेजही. या कॉलेजातून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांत भाऊ दाजी लाड होते. पेडण्याजवळच्या मांद्र्याचा मुलगा मुंबईत डॉक्टर झाला, पुढे गोरगरिबांना औषध देऊ लागला, शिलालेख वाचू लागला, याच्या मुळाशी त्या एक लाखाच्या अटीचाही थोडा हात आहे.

माहीमचा पूल हे आवाबाईचे काम. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामध्ये माहीमची खाडी होती. वांद्र्याला जायचे तर होडीने. पावसाळ्यात खाडी खवळली की होड्या उलटत, माणसे बुडत. सरकारला पूल हवा होता, पण खर्च करायचा नव्हता. आवाबाईंनी आपल्या पैशांतून सुमारे १,५७,००० रुपये दिले. अट एकच होती, या रस्त्यावर कधीही टोल घ्यायचा नाही. १८४१ मध्ये काम सुरू झाले आणि १८४५ मध्ये वाहतूक सुरू झाली. माहीम कॉजवे अजूनही तिथेच आहे, आणि दादर-माहीमचा एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेटजींचा रस्ता. टोलनाक्यांनी कावलेल्या आजच्या महाराष्ट्राला या बाईची आठवण अधूनमधून व्हायला हरकत नाही.

त्या काळात स्त्रीने स्वतःच्या नावाने एवढे मोठे सार्वजनिक काम करणे सोपे नव्हते. आवाबाईंविषयी कागदोपत्री फार कमी सापडते. नवरा जहाजांवर असताना घर सांभाळणारी आणि पुढे मोठ्या कुटुंबाची कर्ती अशी ती दिसते. पण पुलाची अट पाहिली की दोघांचा स्वभाव एकमेकांत किती मुरला होता ते कळते.

पुण्याशीही या घराण्याचा संबंध जुना. मुळा-मुठेच्या पात्रात बांध घालून पाणी अडवायचे आणि शहराला नि छावणीला पुरवायचे, या कामाला जमशेटजींनी मोठी रक्कम दिली. १८५० च्या सुमारास बांध उभा राहिला आणि पुढे त्याच्या काठची बाग बंडगार्डन म्हणून प्रसिद्ध झाली. नाना पेठेत त्यांच्या नावाची अग्यारी आहे. खंडाळ्याच्या घाटात, जिथे मुंबई-पुण्याचा वाटसरू थकून टेकत असे, तिथे त्यांनी धर्मशाळा बांधली. ही कामे पारशांपुरती नव्हती. मुंबईची पांजरापोळ तर जैन भागीदार मोतीचंद अमीचंद यांच्या साथीने उभी राहिली. त्यामागची हकिगत मजेची आहे. १८३२ मध्ये सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला आणि रस्त्यावर दंगल झाली. कुत्र्याला पवित्र मानणारे पारशी पुढे होते, हिंदू-जैनांची सहानुभूती त्यांना होती. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, या व्यापाऱ्यांनी भटक्या आणि जखमी जनावरांसाठी पांजरापोळ काढली. तिच्या खर्चासाठी नुसत्या देणग्यांवर न विसंबता बाजारात येणाऱ्या मालावर पट्टी बसवली. दंगलीतून निघालेला प्रश्न त्यांनी बाजाराच्या रीतीने सोडवला.

आपल्या जमातीसाठी १८४९ मध्ये त्यांनी पारशी बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन काढली. गरीब पारशी मुलांना मुंबईत आणि गुजरातेत शिक्षण, निराधारांना मदत. मूळ रक्कम अशी गुंतवलेली की व्याजातून काम चालावे आणि मुद्दलाला कुणी हात लावू नये. १८५१ मध्ये लंडनला भरलेल्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनात हिंदुस्थानी कारागिरीचा गाजावाजा झाला. त्यानंतर १८५३ मध्ये जमशेटजींनी कला आणि कारागिरीच्या शाळेसाठी एक लाख रुपये देऊ केले. मार्च १८५७ मध्ये ती सुरू झाली. सोनार, सुतार, विणकर यांच्या हाताला वळण लागावे असा देणाऱ्याचा हेतू, पण तिथून निघाले ते धुरंधरांसारखे चित्रकार. दादासाहेब फाळकेही तिथे शिकले. लक्ष्मणराव किर्लोस्करही चित्रकार व्हायला तिथेच गेले होते, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळले म्हणून यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले. महाराष्ट्राला लोखंडी नांगर देणारा माणूस असा या शाळेतून थोडा आडवाटेने बाहेर पडला.

जमशेटजींनी हयातीत एकूण किती दिले याचा अंदाज दोन लाख तीस हजार पौंडांहून अधिक, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने तेवीस लाख रुपयांच्या वर, असा केला जातो. यातला बराचसा पैसा धंदा भरात असताना नव्हे, उतरणीला लागल्यावर बाहेर गेला, हे मला विशेष वाटते. १८४० नंतर मुंबईच्या हिंदी व्यापाऱ्यांची पकड सुटत चालली होती. लंडनवरच्या हुंड्यांचा बाजार इंग्रज पेढ्यांच्या आणि नव्या बँकांच्या हाती गेला, आगबोटी आल्या, आणि सिंध जिंकल्यामुळे कराचीची वाट कंपनीच्या ताब्यात आल्यावर माळव्याच्या अफूवरची पास-फी पेटीमागे १२५ रुपयांवरून काही वर्षांत ४०० वर गेली. जार्डिनशी जन्माची दोस्ती असली तरी कँटनमध्ये भाव ठरवणारे ते, आणि तोटा सोसायचा तो मुंबईने, हे जमशेटजींच्या ध्यानात आले होते. मुलांना त्यांनी पेढीत भागीदार करून घेतले आणि स्वतः हळूहळू अंग काढून घेतले. जहाजात गुंतवलेला पैसा बुडतो, इस्पितळात गुंतवलेला बुडत नाही, असे त्यांनी मनाशी म्हटले असेल का? म्हटले असेल तर हिशेब चुकला नाही.

१८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थान पेटलेला असताना त्यांना बॅरोनेट ही वंशपरंपरेने चालणारी पदवी मिळाली, पुन्हा पहिले हिंदी म्हणून. राजनिष्ठ माणसाचा गौरव करायला सरकारला याहून चांगला मुहूर्त कोणता मिळणार होता. शहराच्या वतीने त्यांचा पुतळा करायचे त्याआधीच ठरले होते. बॅरन मारोकेत्ती यांनी घडवलेला तो पुतळा टाउन हॉलमध्ये बसवला गेला.

१४ एप्रिल १८५९ ला जमशेटजी वारले. आवाबाई त्यांच्यामागे अकरा वर्षे होत्या. पदवीला शोभेल अशी मालमत्ता बांधून ठेवण्यासाठी पुढच्याच वर्षी खास कायदा झाला, आणि त्यातही एक अट आलीच. जो वारस पदवी घेईल त्याने आपले जन्मनाव सोडून ‘जमशेटजी जीजीभाय’ हे नाव धारण करायचे. थोरले चिरंजीव कर्सेटजी यांनी पहिल्यांदा ते केले. त्यामुळे मुंबईच्या इतिहासात पुढची शंभर-दीडशे वर्षे एकामागून एक सर जमशेटजी जीजीभाय भेटत राहतात आणि वाचकांचा गोंधळ होतो.

दुसरे चिरंजीव रुस्तमजी यांना पदवी नव्हती, पण बापाचा हात होता. अमेरिकेतल्या यादवीने मुंबईच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. त्या तेजीत रुस्तमजींनी अफाट कमावले आणि तितक्याच सढळपणे वाटले. १८६४ मध्ये त्यांनी हिंदी तरुणांना बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला पाठवायची शिष्यवृत्ती काढली. मुंबईच्या फिरोजशहा मेहतांना ती मिळाली, कलकत्त्याच्या व्योमेशचंद्र बॅनर्जींनाही मिळाली. बापाने लाख रुपये देताना मुद्दल बांधून ठेवले होते, मुलाने मात्र पैसा बाजारातच ठेवला. १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला, शेअरबाजार बुडाला आणि रुस्तमजींचे दिवाळे निघाले. लंडनमध्ये शिकणाऱ्या फिरोजशहांची शिष्यवृत्ती मध्येच बंद पडली. त्यांनी कसेबसे शिक्षण पुरे केले आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईला परतले. बॅनर्जी कलकत्त्याच्या हायकोर्टात नावारूपाला आले. १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत गोवालिया टँकजवळच्या तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षाच्या खुर्चीत तेच होते.